जुन्या बँकेच्या इमारतीत नेमकं काय जपायचं?

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. न्यू साउथ वेल्सच्या आतल्या भागातल्या एका लहान गावात तुम्ही दोघांनी १८८० च्या दशकातली दोन मजली बँक विकत घेतली आहे. खाली रस्त्याच्या बाजूला बँकेचा हॉल, मागे आणि वर मॅनेजरचं राहतं घर. खाली फिजिओथेरपीचं क्लिनिक काढायचं आणि वर राहायचं, असा बेत आहे. इमारत कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक नगरपरिषदेच्या, हेरिटेज यादीत आहे. गावातली जुनी मंडळी सांगतात, कशालाही हात लावू नका. बिल्डर सांगतो, पुढची भिंत राखू आणि आतलं सगळं काढून टाकू. भिंतींना ओल आहे. मधोमध बसलेली स्ट्राँगरूम, म्हणजे रोकड आणि सोनं ठेवायची जाड भिंतींची खोली, तोडली तर स्वयंपाकघर ऐसपैस होईल. मग यात वारसा कुठला, आणि बदलायला मोकळीक किती?

मी वास्तुविशारद आहे. ऑस्ट्रेलियातल्या अशा गावांमधल्या जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करते, आणि बँकांच्या इमारती माझ्या विशेष जिव्हाळ्याच्या आहेत. तुमची इमारत मी पाहिलेली नाही. त्यामुळे यातल्या बऱ्याच गोष्टी तीन बाबींवर अवलंबून राहतील: इमारत फक्त कौन्सिलच्या यादीत आहे की राज्याच्या हेरिटेज नोंदवहीतही, आतलं मूळ काम किती शिल्लक आहे, आणि मधल्या काळात बँकेने स्वतः काय काय बदललं. पण विचार कसा करायचा ते नक्की सांगता येईल.

गावकरी आणि बिल्डर दोघेही इमारतीकडे रस्त्यावरून पाहत आहेत. एकाला ती तशीच गोठवायची आहे, दुसऱ्याला तिचा चेहरा तेवढा ठेवायचा आहे. माझ्या मते अशा इमारतीचा सगळ्यात मोलाचा भाग रस्त्यावरून दिसतच नाही. बँक आणि घर जिथे एकमेकांना भिडतात तो सांधा, म्हणजे मधली भिंत, तिच्यातलं दार, दाराजवळची स्ट्राँगरूम आणि घराचा वेगळा जिना, हा या इमारतीचा गाभा आहे. तो वाचता येत राहिला तर बाकी बऱ्याच गोष्टींत तुम्हाला मोकळीक मिळू शकते. तो गेला तर पुढची भिंत कितीही सुंदर रंगवा, मागे उरेल ते नुसतं एक जुनं घर.

हे पटण्यासाठी या इमारती अशा का बांधल्या गेल्या ते पाहू. १८५१ मध्ये बाथर्स्टजवळ ओफिर इथे सोनं सापडल्याची बातमी फुटली आणि लोकांचे लोंढे आत शिरले. त्यांच्या मागोमाग बँकांचे प्रतिनिधी गेले. सोनं विकत घेणं हेच सुरुवातीला त्यांचं मुख्य काम होतं, आणि ते तंबूत नाहीतर लाकडी खोपटात चालायचं. सोनं ओसरलं, मेंढपाळी आणि गव्हाची शेती स्थिरावली, रेल्वे येऊ लागली, तशा १८७० आणि १८८० च्या दशकांत बँकांनी विटा-दगडांच्या पक्क्या इमारती उठवल्या. आजूबाजूला एकमजली लाकडी दुकानं, आणि मध्ये ही दोन मजल्यांची, कमानी आणि कॉर्निस, म्हणजे भिंतीच्या माथ्याची नक्षीदार कड, मिरवणारी इमारत. जॉर्ज ॲलन मॅन्सफिल्डसारख्या सिडनीच्या नामवंत वास्तुविशारदाने कमर्शियल बँकिंग कंपनीसाठी गावोगावच्या शाखा आखल्या, यावरून बँका या कामाला किती महत्त्व देत होत्या ते कळतं.

त्या भव्यतेमागे रोकडं कारण होतं. तेव्हा खाजगी बँका आपापल्या नोटा छापत. सगळ्या देशासाठीच्या सरकारी नोटा आल्या त्या १९१० च्या कायद्यानंतर. शेतकऱ्याच्या हातातली नोट म्हणजे त्या एका बँकेने दिलेला शब्द होता, आणि तो शब्द किती भरवशाचा हे त्याला इमारतीवरून जोखावं लागे. ठेवींना सरकारी हमी नव्हती. १८९३ च्या एप्रिल-मे महिन्यांत ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच बँकांनी एकामागून एक पैसे देणं थांबवलं, तेव्हा हाच भरवसा कोसळला. तुमची इमारत त्या पडझडीच्या आधीच्या, तेजीच्या दशकातली आहे. पुढचा थाटमाट पाहताना हे लक्षात ठेवा.

आता घराचं. रात्री इमारतीत रोकड असे, कधी सोनं असे, म्हणून मॅनेजरने तिथेच राहायचं हा बँकेचा नियम. बऱ्याच शाखांत धाकटा कारकूनही आवारातच झोपायचा आणि त्याच्याजवळ बँकेने दिलेलं पिस्तूल असायचं. ठराविक पगार होईपर्यंत बँकेच्या परवानगीशिवाय कारकुनाला लग्न करता येत नसे. बँक नोकराच्या घरापर्यंत, संसारापर्यंत कशी पोचली होती, ते या इमारतींच्या नकाशात उतरलेलं आहे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण शेजारच्या व्हिक्टोरियातलं आहे. १० डिसेंबर १८७८ ला युरोआ गावातली नॅशनल बँक नेड केली हा कुप्रसिद्ध दरोडेखोर आणि त्याच्या साथीदारांनी लुटली. केली पुढच्या दाराने गेला, कामकाजाची वेळ संपल्यावर चेक वटवायचा आहे असं सांगून. त्याच वेळी त्याचा साथीदार स्टीव्ह हार्ट मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून आत आला. तिथल्या मोलकरणीने त्याला ओळखलं, कारण दोघं एका शाळेतले. मग लुटारूंनी नुसती रोकड नेली नाही. मॅनेजर रॉबर्ट स्कॉट, त्यांची बायको, मुलं, सासू, नोकर, सगळ्यांना गावाबाहेरच्या एका स्टेशनवर, म्हणजे मोठ्या मेंढपाळी वाडीवर, सोबत नेलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, न्यू साउथ वेल्समधल्या जेरिल्डेरीची बँक याच टोळीने लुटली, तेव्हा तिथला मॅनेजर न्हाणीघरात होता. बँकेला दोन दारं होती, एक धंद्याचं आणि एक घराचं, आणि बँकेवरचा हल्ला हा घरावरचा हल्ला होता. मॅनेजरच्या बायकोने त्या छताखाली काय ओझं वागवलं असेल त्याची कल्पना करा. लहान गावातल्या बँकेचा इतिहास सांगताना मला तिचं स्वयंपाकघर काउंटरइतकंच महत्त्वाचं वाटतं ते यामुळे.

आता हे डोक्यात ठेवून तुमच्या इमारतीतून एकदा सावकाश फिरा. ओटी, सोपा, माजघर ओलांडत वाड्यात आत जाताना परक्याची हद्द कुठे संपते ते आपल्याला न सांगता कळतं, तसंच इथे आहे. रस्त्यावरचं मोठं दार फक्त बँकेच्या हॉलमध्ये उघडतं. घराचं दार बहुतेकदा बाजूला असतं, त्याला स्वतःचा पॅसेज आणि स्वतःचा जिना. हॉलच्या मागच्या कोपऱ्यात मॅनेजरची खोली, आणि तिच्यातून किंवा तिच्याजवळून घरात जाणारं एकच दार. त्या दाराला कोणत्या बाजूने कडी आहे ते पाहा. स्ट्राँगरूमचं तोंड कुणाच्या नजरेच्या टप्प्यात येतं तेही पाहा. वरच्या मजल्यावर तिच्या नेमक्या डोक्यावर कुठली खोली आहे? ती मॅनेजरची झोपायची खोली निघाली तर तो योगायोग समजू नका.

घरातल्या फायरप्लेस बघत चला. बैठकीच्या खोलीत संगमरवर, वर झोपायच्या खोल्यांत लाकडी किंवा साधी ओतीव लोखंडाची, आणि मागच्या नोकराच्या खोलीत बहुधा काहीच नाही. छताची उंची, दारांच्या चौकटींची रुंदी, भिंतीच्या पायथ्याची लाकडी पट्टी, सगळं पुढून मागे जाताना साधं होत जातं. बँकेच्या हॉलमध्ये सीडरचं सुतारकाम शिल्लक असेल तर उत्तमच, पण बरेचदा मूळ काउंटर कधीच गेलेला असतो. तरी जमिनीच्या फळ्यांवर त्याची खूण असते: लोकांच्या बाजूला झिजलेल्या, कारकुनांच्या बाजूला तेवढ्या न झिजलेल्या. त्या फळ्या घासून एकसारख्या करू नका.

या फेरीनंतर माझ्या अशा प्रकल्पांत मी इमारतीच्या नकाशावर तीन रंग भरते. ज्याला हात लावायचा नाही ते एका रंगात, विचारपूर्वक बदलता येईल ते दुसऱ्या, आणि खुशाल काढता येईल ते तिसऱ्या. तुमच्यासारख्या इमारतीत पहिल्या रंगात मी दर्शनी भाग, हॉलची पूर्ण उंची आणि लांबी-रुंदी, बँक आणि घरामधली भिंत तिच्या दारासह, स्ट्राँगरूम, आणि घराचा जिना हे धरीन. मागचं स्वयंपाकघर, न्हाणीघर, नोकरांच्या खोल्या, तबेला असेल तर तो, हे बहुधा दुसऱ्या रंगात. मागच्या बाजूला नंतर जोडलेल्या पडव्या, १९६० नंतरचं खोटं छत, ॲल्युमिनियमची दारं, एटीएमसाठी फोडलेलं भोक बुजवणारा पत्रा, हे तिसऱ्या.

पण ‘नंतरचं म्हणजे टाकाऊ’ असं सरसकट धरू नका. १९३० च्या दशकात बँकेने हॉल नव्याने सजवला असेल आणि ते काम नीट टिकलं असेल, तर तोही इमारतीच्या आयुष्याचा एक थर आहे. खालचं १८८० चं काही मिळेल या आशेवर तो उचकटणं मला मान्य नाही. खोटं छत काढण्याआधी मात्र ॲस्बेस्टॉसची तपासणी करून घ्याच. ऑस्ट्रेलियात त्यावर पूर्ण बंदी आली ती २००३ च्या शेवटी, आणि युद्धानंतरच्या नूतनीकरणात ते सर्रास वापरलं गेलं. १९७० च्या आधीच्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी, आणि जुन्या छतांच्या पोकळीत साठलेल्या धुळीतही. घरात लहान मुलं असतील तर कोरडं घासकाम अजिबात नको.

इथे काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांची भूमिका बुरा चार्टर या जतनाच्या तत्त्वांच्या सनदेवर उभी आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बुरा या जुन्या तांब्याच्या खाणीच्या गावात १९७९ मध्ये तो स्वीकारला गेला. सध्याची आवृत्ती २०१३ ची आहे. त्याचं सांगणं असं की आधी जागेचं महत्त्व समजून घ्या, मग निर्णय घ्या, आणि गरजेपुरताच बदल करा, शक्य तितका कमी. त्यात वापराला मोठी किंमत आहे. रिकामी इमारत मरते. तुम्ही तिथे राहणार आणि खाली लोकांची ये-जा असणार, म्हणजे पुढे धंदा आणि मागे-वर संसार ही मूळ रचनाच परत जिवंत होणार. अशा इमारतीसाठी याहून चांगला वापर मला सुचत नाही, आणि कौन्सिलपुढे जाताना हा मुद्दा ठसवून मांडा.

क्लिनिकची मांडणी कशी करावी? हॉलमध्ये छतापर्यंत पार्टिशन घालून उपचाराच्या लहान लहान खोल्या पाडायच्या, हा पहिला विचार प्रत्येकाच्या मनात येतो. तो टाळा. रुग्णांना आडोसा आणि खाजगीपणा हवा हे खरं, पण त्यासाठी मॅनेजरची खोली आणि मागची कारकुनांची खोली मुळातच बंद दाराच्या आहेत. उपचार तिथे करा. हॉलमध्ये स्वागतकक्ष, बसायची जागा आणि व्यायामाची मोकळी जागा ठेवा. फिजिओथेरपीला ती लागतेच. आणखी एखादी खोली लागलीच तर ती हॉलमध्ये स्वतंत्र उभी राहील अशी, छताला आणि कॉर्निसला न टेकणारी, जमिनीला जुजबी बसवलेली करा. उद्या काढली तर मागे खूण राहू नये. ती नवी आहे हे पाहणाऱ्याला कळू द्या. जुन्याची नक्कल करू नका.

स्ट्राँगरूमबद्दल माझं मत ठाम आहे: तोडू नका. वारशाचं कारण वर आलंच. दुसरं कारण बांधकामाचं आहे. तिच्या भिंती जाड असतात, वर बहुधा विटांची घुमटी किंवा लोखंडी तुळयांवरचं भक्कम छत असतं, आणि वरच्या मजल्याच्या भिंतींचा भार पुष्कळदा त्यावरच आलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय तिच्यातली एक वीटही काढायची नाही. तोडायचा, राडारोडा हलवायचा आणि वरचा भार पोलादी तुळयांवर घ्यायचा खर्च काढलात, तर तेवढ्यात मागे नवं, उजेडाचं स्वयंपाकघर उभं राहू शकतं. मी तेच सुचवीन: मागची नंतरची पडवी काढून तिच्या जागी ठेंगणी, साधी, उघडपणे आजची वाटणारी खोली, मूळ इमारतीला एका अरुंद जोडणीने लागलेली. मागच्या भिंतीतलं एखादं जुनं दारच तिथे जायला वापरता येतं, नवं भगदाड पाडावं लागत नाही.

स्ट्राँगरूम मग कोठीघर करा, किंवा क्लिनिकच्या कागदपत्रांसाठी ठेवा. आत तापमान फारसं खालीवर होत नाही. पण हवा खेळत नाही, म्हणून कागद भिंतीला चिकटून रचू नका आणि मूळ झरोका बुजला असेल तर मोकळा करून घ्या. दार बहुधा चब किंवा मिल्नरसारख्या इंग्लिश कंपनीचं असेल. ते राहू द्या, मात्र ते आपोआप किंवा कुणाच्या खोडीने बंद होऊन कुलूप लागणार नाही याची सोय पहिल्याच दिवशी करा. तिजोऱ्यांचं काम जाणणाऱ्या कारागिराकडून कुलपाचे दांडे मागे घेतलेल्या स्थितीत अडकवून घ्या, किंवा आतली यंत्रणा काढून, चिठ्ठी लावून, त्याच खोलीत जपून ठेवा. दार उघडं राहण्यासाठी जमिनीत अडसर बसवा. आत लहान मूल अडकलं तर बाहेर आवाजही येणार नाही, म्हणून हे काम ‘नंतर बघू’ यादीत टाकू नका.

ओलीबद्दल मी जरा जास्त लिहिते, कारण अशा इमारतींचं सगळ्यात जास्त नुकसान ओलीवरच्या चुकीच्या उपायांनी झालेलं मी पाहते. आधी ओल वरून येते की खालून ते ठरवा. खालून चढणारी ओल साधारण मीटर-दीड मीटरच्या वर सहसा जात नाही. पुढच्या भिंतीवर आतून, वरच्या मजल्याच्या छताजवळ डाग असतील, तर दोष बहुधा पॅरापेटमागच्या, म्हणजे छपरासमोरच्या कठड्यामागच्या, लपलेल्या पन्हळीत आहे. बँकांच्या इमारतींत छप्पर दिसू नये म्हणून पुढे उंच पॅरापेट असतो आणि पाणी त्याच्या मागच्या पन्हळीत उतरतं. पानांनी ती तुंबली की पाणी भिंतीच्या पोटात शिरतं. पन्हळ नवी करताना पॅरापेटमधून बाहेर पाणी फेकणारी एक सांडनळी ठेवून घ्या. तुंबल्यावर पाणी रस्त्यावर पडलेलं परवडतं, आणि काहीतरी तुंबलंय हेही लगेच कळतं.

खालच्या ओलीचं गणित वेगळं. त्या काळच्या मऊ विटा चुन्यात रचलेल्या असतात. जमिनीतली थोडी ओल भिंतीत चढायची आणि चुन्याच्या दर्जांमधून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांमधून, उडून जायची. इमारत श्वास घेत होती. मग कुणीतरी फुटपाथ उंचावला, जोत्यातल्या जाळ्या मातीखाली गेल्या, लाकडी फळ्यांची जमीन काढून काँक्रीटची केली, आणि दर्जा सिमेंटने भरल्या. आता ओलीला वाट एकच, विटेतून. पाण्यासोबत आलेले क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली जमतात आणि वीट पापुद्र्यांनी झडते. भिंतीला लोणा लागला म्हणून वरून सिमेंटचा गिलावा चढवला की तीच ओल आणखी वर चढते.

उपायाचा क्रम असा. पावसाचं पाणी इमारतीपासून दूर न्या, भिंतीलगतची माती आणि फरशी खाली घ्या, जाळ्या मोकळ्या करा, फुटलेले नळ शोधा. मग थांबा. थांबणं कुणालाच आवडत नाही, पण जाड भिंत सुकायला वेळ घेते. ढोबळ हिशोब दर २५ मिलिमीटर जाडीला एक महिना असा धरतात. म्हणजे ४५० मिलिमीटरची भिंत दीड वर्षही घेऊ शकते. ती सुकत असताना आतून चुन्याचा बळीचा गिलावा द्या. तो क्षार ओढून घेतो आणि स्वतः खराब होतो. मग तो काढून नवा द्यायचा. एवढं करूनही ओल राहिली, तरच भिंतीत ओल अडवणारी रसायनं टोचण्याचा विचार करा. आल्या आल्या टोचायची सुई काढणाऱ्या ठेकेदाराला नम्रपणे परत पाठवा.

एक अपवाद सांगून ठेवते. दर्शनी भिंतीवरचा, दगडाच्या चिऱ्यांसारख्या रेघा ओढलेला गिलावा मूळचाच असण्याची शक्यता आहे. सिमेंट दिसलं म्हणून तो खरवडू नका, आणि वाळूच्या फवाऱ्याने तर मुळीच साफ करू नका. तो बहुधा पूर्वी रंगवलेला नव्हता; आजचे प्लास्टिकसारखे थर हळूहळू, आधी लहानशा तुकड्यावर प्रयोग करून काढता येतात. पॅरापेटवर बँकेच्या नावाच्या अक्षरांच्या पुसट खुणा असतील तर त्या ठेवा.

कायद्याची बाजू. फक्त कौन्सिलच्या यादीत असेल तर कौन्सिलच्या स्थानिक पर्यावरण आराखड्यातलं, म्हणजे कुठे काय बांधता-वापरता येईल ते ठरवणाऱ्या नियमांतलं, कलम ५.१० तुम्हाला लागू होतं, आणि यादी असते परिशिष्ट ५ मध्ये. बाहेरचे बदल, पाडकाम आणि आतले बांधकामाला हात घालणारे बदल यांना विकास-परवानगी लागते. परिशिष्टात आतल्या एखाद्या वस्तूचा उल्लेख असेल तर तिलाही. डागडुजी किंवा किरकोळ काम असेल तर आधी लेखी कळवून कौन्सिलचं लेखी उत्तर घेतलं की वेगळा अर्ज लागत नाही. उत्तर हातात येण्याआधी काम सुरू करू नका. याच कलमात एक उपकारक तरतूद आहे: त्या झोनमध्ये एरवी चालणार नाही असा वापरही, इमारतीच्या जतनाला त्याने हातभार लागत असेल, तर काही अटींवर कौन्सिल मंजूर करू शकतं. तुमच्या गल्लीच्या झोनमध्ये क्लिनिक किंवा वरचं घर अडलं तर हीच वाट. इमारत राज्याच्या नोंदवहीतही असेल तर १९७७ च्या हेरिटेज कायद्याखाली वेगळी मंजुरी लागते आणि किमान देखभालीचं बंधनही येतं. दोन्हींची नोंद राज्याच्या ऑनलाइन हेरिटेज सूचीत सापडते. तिथलं, इमारतीचं महत्त्व कशात आहे ते सांगणारं विधान छापून घ्या. ते दोन ओळींचं आणि फक्त दर्शनी भागाबद्दल असलं तर घाबरू नका आणि खूशही होऊ नका. पुष्कळ जुन्या नोंदी रस्त्यावरून पाहून केलेल्या असतात.

इमारत-संहितेत क्लिनिक आणि घर वेगवेगळ्या वर्गांत मोडतात आणि दोन्हींमध्ये आगीपासून संरक्षण देणारी विभागणी लागते. इथे जुनी रचना तुमच्या मदतीला येते: बँक आणि घरामधली ती जाड विटांची भिंत बहुतेक विभागणी करूनच ठेवते. मधल्या दाराचं आणि दोन मजल्यांमधल्या लाकडी तक्तपोशीचं काय करायचं ते सर्टिफायरबरोबर, म्हणजे काम संहितेप्रमाणे आहे का ते तपासणाऱ्या अधिकृत तज्ज्ञाबरोबर, सोडवा. मूळ दार जागेवर ठेवून मागून दुसरं अग्निरोधक दार बसवणं हा मी नेहमी वापरते तो मार्ग. पायऱ्यांचा प्रश्नही येईल. लोकांसाठीच्या भागात परवानगी लागणारं नवं काम निघालं की २०१० ची प्रवेशसुलभतेची मानकं लागू होतात, आणि फिजिओथेरपीच्या रुग्णांना तर रॅम्प हवाच. तो मुख्य दाराशी कोंबण्याआधी बाजूच्या घराच्या दाराकडची उंची मोजा. तिथे बरेचदा एखादीच पायरी असते. पण सर्वांनी एकाच सन्मानाने आत यावं हेही मला तितकंच महत्त्वाचं वाटतं, म्हणून बाजूचं दार निवडलंत तर तेच सगळ्यांचं मुख्य प्रवेशद्वार करता येतं का ते तपासा.

कागद शोधायला ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्ह या मोफत संकेतस्थळावर बसा. गावाचं नाव, बँकेचं नाव आणि ‘निविदा’ अशा अर्थाचे शब्द टाकून स्थानिक वर्तमानपत्रं चाळा. बांधकामाची निविदा, उद्घाटनाची बातमी, कधी कधी खोल्यांचं वर्णनही मिळतं. बँकेचं आजचं नाव वेगळं असेल. बँक ऑफ न्यू साउथ वेल्स १९८२ मध्ये वेस्टपॅक झाली. युनियन बँक आणि बँक ऑफ ऑस्ट्रेलेशिया १९५१ मध्ये एकत्र येऊन एएनझेड झाली. मोठ्या बँकांची स्वतःची अभिलेखागारं आहेत आणि शाखांचे नकाशे-फोटो तिथे असू शकतात. गावातल्या वृद्धांनाही बोलावून हॉलमधून फिरवा. ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांतल्या कुणाचं पहिलं खातं तिथेच उघडलेलं असेल. काउंटर कुठे होता, मॅनेजरची मुलं कुठल्या दाराने शाळेला जायची, हे त्यांना माहीत असतं आणि दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसतं. इमारतीचं हे सामाजिक मोलही कौन्सिलपुढे मांडायच्या अहवालात जाऊ द्या.

पैसे मर्यादित असणार, म्हणून क्रम सांगते: आधी छप्पर आणि पन्हळी, मग जमिनीलगतचं पाणी, स्ट्राँगरूमचं दार आणि विजेची जोडणी, मग भिंती सुकेपर्यंत नकाशे आणि परवानग्या, आणि रंगकाम अगदी शेवटी. पुष्कळ कौन्सिलांकडे हेरिटेज सल्लागार असतो, त्याचा पहिला सल्ला बहुधा मोफत असतो आणि छोटी अनुदानंही असतात. बिल्डरशी करार करण्याआधी त्याला भेटा. जाताना दोन्ही मजल्यांचा मोजून काढलेला नकाशा न्या. मला इथे कळवायचं असेल तर स्ट्राँगरूमच्या भिंतींची जाडी, तिच्या वरच्या खोलीचा फोटो आणि मधल्या दाराच्या दोन्ही बाजूंचे फोटो टाका. स्वयंपाकघर कुठल्या बाजूला वाढवता येईल ते त्यावरून बरंच नेमकं सांगता येईल.